निटरचा कॅश लावताय? डेटाची फाइलही त्याला जोडा
अहवालातलं एक वाक्य सुधारलं की आर मार्कडाउन (आर भाषेतला कोड आणि मजकूर एकत्र करून अहवाल बनवणारं साधन) तेच जड मॉडेल पुन्हा चालवत बसतं. त्या चंकला, म्हणजे कोडच्या तुकड्याला, 'कॅश = ट्रू' हा पर्याय द्या; कोड किंवा चंकचे पर्याय बदलेपर्यंत निटर (हा कोड चालवणारं आरचं पॅकेज) डिस्कवर जपलेला निकालच उचलतं. खरी मेख पुढे आहे. चंक वाचत असलेली सीएसव्ही फाइल बदलली, तरी निटरला पत्ता लागत नाही आणि नव्या अहवालात जुनेच आकडे छापले जातात. म्हणून चंकच्या 'कॅश.एक्स्ट्रा' या पर्यायात त्या फाइलचा एमडी५ (मजकुरावरून काढलेली फाइलची ओळखखूण) द्या. फाइलमधला एक आकडा बदलला तरी चंक नव्याने चालेल. चंक आधीच्या चंकवर अवलंबून असेल तर 'डिपेंड्सऑन' या पर्यायात त्याचं नावही हवंच. अहवाल पाठवण्याआधी मात्र मी कॅशचं फोल्डर पुसून सगळं पहिल्यापासून चालवतो, कितीही वेळ लागो.