बाबांच्या पाळीची वही: खाणकामगाराची कहाणी घरच्या घरी कशी लिहून ठेवावी

माझे बाबा चंद्रपूरजवळच्या एका भूमिगत कोळसा खाणीत ३७ वर्षं होते. आधी लोडर, म्हणजे कोळसा भरणारा, मग छताला लाकडी खांब लावणाऱ्या टोळीत. त्यांच्या कामाची एक वही मी गेल्या दोन वर्षांत तयार केली. चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस, माजरी, वणी, उमरेड, कामठी, तिकडे मध्य प्रदेशात परासिया, अशा कुठल्याही कोळसापट्ट्यातल्या घरात अशी वही व्हायला हवी, असं मला फार वाटतं. हातानं टब, म्हणजे कोळशाचे रुळावरचे डबे, भरलेली माणसं आता सत्तरी ओलांडून गेली आहेत. त्यांच्यानंतर हे काम कसं होत होतं ते सांगणारं कुणी उरणार नाही. म्हणून मी कशी सुरुवात केली, कुठं अडले आणि काय जमलं ते सांगते.

पहिल्याच दिवशी मी वही-पेन घेऊन समोर बसले आणि विचारलं, "बाबा, खाणीत तुम्ही नेमकं काय काम करत होता?" बाबा म्हणाले, "कोळसा भरत होतो." आणि तंबाखूची पुडी शोधायला उठले. झालं, मुलाखत संपली. त्यांना सांगायचं नव्हतं असं नाही. असल्या प्रश्नाला दुसरं उत्तरच नसतं. ३७ वर्षं रोज केलेलं काम माणसाला सांगण्यासारखं वाटत नाही.

वस्तू समोर ठेवा, मग बोला

आठवड्यानं आईनं पेटीतून एक पितळी बिल्ला काढून दिला. गोल, मधे भोक, वर ठोकलेला नंबर. मी तो बाबांच्या तळहातावर ठेवला. ते बराच वेळ अंगठ्यानं नंबर चाचपत राहिले, मग म्हणाले, "हा बत्तीघराच्या खिडकीत द्याचा, मंग बत्ती भेटे. वर आलो का बत्ती द्याची अन् बिल्ला घ्याचा. पाळी सुटली अन् बिल्ला तिथंच रायला, म्हणजे मानूस अंदर हाये." त्या एका वाक्यातून पुढचा पाऊण तास निघाला. बत्तीघराचा बाबू कोण होता, खांबावर ओळीनं टांगलेले बिल्ले कसे दिसायचे, डबल पाळी करणाऱ्याचा बिल्ला राहिला की लोक कसे विचारत फिरायचे. हा बिल्ला घरी कसा राहिला तेही कळलं. खाण सरकारी झाल्यावर नंबर बदलले, नवे बिल्ले आले, आणि जुना कुणी मागितलाच नाही.

तेव्हा घरात शोधा. बिल्ला, हेल्मेट, गमबूट, कमरेचा पट्टा, पगाराची चिठ्ठी, ओळखपत्र, युनियनची पावती, निवृत्तीला मिळालेलं घड्याळ. एका बैठकीला एकच वस्तू घ्या. आमच्याकडे एक जुनी खाकी पँट निघाली, उजव्या कमरेखाली बारीक बारीक भोकं पडलेली. मला वाटलं कसर लागली. आई म्हणाली, कसर नाही, बॅटरीचं तेजाब आहे. डोक्यावरच्या दिव्याची बॅटरी कमरेला बांधलेली असे, आणि वाकून काम करताना त्यातलं ॲसिड झिरपे. आई दर रविवारी ती भोकं रफू करायची. पँटीपेक्षा रफूच जास्त आहे तिथं. त्या जागेचा मी जवळून फोटो काढला, शेजारी पट्टी ठेवून.

बैठक सकाळची ठेवा आणि पाऊण तासाच्या वर नेऊ नका. बऱ्याच जुन्या कामगारांना धुळीमुळे दम लागतो, संध्याकाळी जास्त. दम लागलेला माणूस तुमचं मन राखायला बोलत राहतो, ते आपल्याला कळलं पाहिजे.

एक पाळी, उठल्यापासून झोपेपर्यंत

"तुमचं आयुष्य सांगा" असं म्हणू नका. "पहिली पाळी असली की किती वाजता उठायचात?" इथून धरा आणि पायरी पायरीनं खाली उतरा. डब्यात काय असायचं? सायकल कुठं लावायचात? झडती कोण घ्यायचं? (खाली काडी-बिडी न्यायला बंदी, म्हणून तर सगळे तंबाखू खायचे.) इन्क्लाइननं (खाणीत उतरणाऱ्या तिरक्या बोगद्यानं) चालत उतरायचात की डोलीनं (लिफ्टसारख्या पिंजऱ्यानं)? कामाच्या जागेपर्यंत किती वेळ चालायचं? तिथं पोचल्यावर हात पहिल्यांदा कशाला लावायचात?

या शेवटच्या प्रश्नाला बाबांनी उत्तर दिलं, "सब्बलीले." कोळशाला नव्हे. आधी सब्बलीनं, म्हणजे लोखंडी पहारीनं, छत ठोकून बघायचं. टणक आवाज आला तर ठीक. बद्द आला तर वरचा थर सुटलेला आहे, त्याखाली उभं राहायचं नाही. खांबाचं लाकूड करकरलं तरी ऐकायचं. "छत बोलते," असं सगळे म्हणायचे.

पुढं मात्र मला काही समजेना. गॅलरी, पिलर, डिपिलरिंग, हे शब्द मी लहानपणापासून ऐकलेले, पण डोळ्यांसमोर काही येत नव्हतं. बाबा उठले, दुकानातून काड्यापेट्यांचा अख्खा पुडा आणला, आणि बारा पेट्या फरशीवर तीन ओळींत मांडल्या. पेट्या म्हणजे कोळशाचे पिलर. मधल्या मोकळ्या पट्ट्या म्हणजे गॅलऱ्या. आधी एवढाच कोळसा काढायचा आणि पिलर तसेच सोडायचे, म्हणजे वरची जमीन त्यांच्यावर टेकून राहते. वर त्यांनी नातवाची पाटी ठेवली. हे छत. खाणीचा तो भाग असा पूर्ण खोदून झाला की मग पिलरच काढायला घ्यायचे, हेच डिपिलरिंग. सगळ्यांत आतल्या कोपऱ्यातून सुरुवात, आणि तिरप्या रेघेत बाहेरच्या दिशेनं मागं मागं यायचं. त्यांनी कोपऱ्यातली पेटी काढली, मग तिच्या शेजारच्या दोन. पाटी तशीच राहिली. बाबांनी बोट वर केलं. "आता हे पडाले पायजे. नाही पडलं तर भेव वाटे."

मी दोनदा विचारलं, पडलं तर की नाही पडलं तर? नाही पडलं तर. कोळसा काढलेल्या जागी छत थोडं थोडं बसत गेलं तर बरं. ते लटकून राहिलं आणि मग एकदम मोठा पट्टा खाली आला, तर दाबलेली हवा वादळासारखी गॅलऱ्यांतून धावते, माणसांना उचलून फेकते. त्या पडलेल्या पोकळीला खाणीत 'गोफ' म्हणतात. मला गोफ म्हटलं की वेणीसारखा विणलेला गोफ आठवायचा. आता तो शब्द ऐकला की ती पाटी दिसते.

मांडून दाखवायला सांगा. काड्यापेट्या, खडू, डाळीचे दाणे, काहीही चालेल. वरून फोटो काढा आणि प्रत्येक पायरीचा वेगळा काढा. जो माणूस तोंडानं चार वाक्यं बोलत नाही, तो हातानं अख्खी खाण मांडतो.

बोली सुधारू नका

खाणीची भाषा एक नसते. आमच्याकडे शेजारी तेलुगू, पलीकडे बिलासपुरी, कामगारांच्या घरांच्या रांगेच्या टोकाला गोरखपूरकडचे. बाबांच्या एका वाक्यात वऱ्हाडी, हिंदी आणि साहेबांच्या इंग्रजीचे तुकडे एकत्र येतात. ओव्हरमन, सरदार, ट्रामर (टब ढकलणारा), हॉलेज, टिंबर मिस्त्री, हाजरी बाबू. हे सगळं जसं ऐकू येतं तसं लिहा. मी आधी 'पर्यवेक्षक' असं लिहून टाकलं होतं, आणि वाचून दाखवलं तेव्हा बाबांना तो माणूस कोण तेच कळेना. वहीच्या मागच्या पानांवर शब्दांची यादी करा, समोर त्यांच्याच शब्दांत अर्थ.

कागद: फॉर्म बी, पीएफ आणि वय

त्या काळी खाणीत लागलेल्या प्रत्येकाची नोंद 'फॉर्म बी' रजिस्टरमध्ये होत असे. नाव, बापाचं नाव, गाव, वय, कामावर लागल्याची तारीख, सही किंवा अंगठा. कोळसा कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीचा (सीएमपीएफ) कायदा १९४८चा, म्हणून आजोबांच्या काळातलाही सीएमपीएफ नंबर सापडू शकतो. पेन्शन योजना १९९८ची आहे, तिचे कागद बहुतेक घरांत असतात. खाण सरकारी कंपनीची असेल तर माहिती अधिकारात अर्ज करता येतो. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. "फॉर्म बी रजिस्टरमधील माझ्या नोंदीची प्रत" असं नेमकं मागा, आणि अर्ज कामगाराच्या स्वतःच्या नावानं, त्याच्या सहीनं करा. दुसऱ्याची खासगी माहिती म्हणून नकार यायची शक्यता मग कमी होते.

आमच्या हातात प्रत आली तेव्हा बाबा आधी अंगठ्याच्या ठशाकडे बघत राहिले. १९७० मध्ये त्यांना सही येत नव्हती. मग मी जन्मसाल वाचलं: १९४७. बाबा १९५० चे. भरतीच्या दिवशी हाजरी बाबूनं चेहरा पाहिला आणि वय टाकलं, कुणी विचारलं नाही. त्या तीन वर्षांमुळे २००७ मध्ये, खरं वय ५७ असताना, बाबा ६० वर्षांचे म्हणून घरी आले. तीन वर्षांचा पगार गेला. ही गोष्ट आमच्या एकट्या घरची नाही, रांगेतल्या निम्म्या घरांत अशीच ऐकायला मिळते. म्हणून कागदावरचं लिहा आणि घरचं खरंही लिहा, दोन्ही शेजारी शेजारी. कागद चुकलेला असेल तर कसा चुकला, तीच खरी नोंद.

सालं आठवत नाहीत, तेव्हा

"कोणत्या साली?" या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. खाणीतल्या मोठ्या घटना खुंटीसारख्या वापरा. आमच्या पट्ट्यासाठी मी एक पान केलं होतं. १८७० च्या दशकात वरोऱ्याची सरकारी खाण सुरू झाली, १९०६ मध्ये बंद पडली, आणि काम बल्लारपूरकडे सरकलं. पणजोबांबद्दल काही ऐकीव असेल तर ते इथं बसवून बघा. १९७३ मध्ये खाजगी खाणींचा कारभार जानेवारीअखेर सरकारनं हातात घेतला आणि १ मेपासून राष्ट्रीयीकरण झालं. १९७५ मध्ये कोल इंडिया आली. त्याच वर्षी २७ डिसेंबरला धनबादजवळ चासनाल्याच्या खाणीत पाणी शिरलं आणि पावणेचारशेच्या आसपास माणसं गेली.

"सरकारी झाली त्या दिवशी कोणत्या पाळीत होता?" असं विचारलं आणि बाबा लगेच म्हणाले, दुसऱ्या पाळीत. आधी टबामागं पैसे मिळायचे, टब रिकामा आला नाही तर बसून राहायचं, आणि बसल्याचे पैसे नाहीत. ते कधी बदललं, पहिला पूर्ण महिन्याचा पगार आणून आईच्या हातात कसा दिला, सगळं क्रमानं आलं. साल त्यांना आजही सांगता येणार नाही.

बायांना वेगळं विचारा

वही निम्मी झाल्यावर माझ्या लक्षात आलं की आईला मी चहापुरतंच हाक मारत होते. आईला वेगळं बसवा, बाबा घरात नसताना. पुरुषासमोर ती "ते सांगतात ना" म्हणेल.

आणि आजीचं विचाराच. भूमिगत कामातून बायांना हळूहळू काढत १९३७ मध्ये पूर्ण बंदी आली, युद्धात कोळसा कमी पडला म्हणून १९४३ मध्ये ती उठवली, १९४६ मध्ये पुन्हा लावली. म्हणजे त्या तीन वर्षांत तुमची आजी किंवा पणजी टोपली घेऊन खाली उतरली असेल, आणि पुढं घरात कुणी ते बोललं नसेल. नंतर बाया वरच रेजा, म्हणजे मजूर बाया, म्हणून राहिल्या. २०१९ पासून त्यांना पुन्हा खाली काम करायची परवानगी आहे, हे आईला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही.

आईच्या पाळ्या तीन होत्या, बाबांची एक. पहिलीचा डबा, रात्रपाळीचं दिवसा झोपणं, पोरांना गप्प ठेवणं, आंघोळीला दोन बादल्या गरम पाणी, पहिली काळीच जाते. तिला घड्याळ लागत नसे, भोंगा पुरे. अवेळी भोंगा झाला की रांगेतल्या सगळ्या बाया हातातलं टाकून इन्क्लाइनच्या तोंडाशी जायच्या. चपला न घालता, असं आई म्हणाली. एवढंच म्हणाली.

अपघाताचं तुम्ही होऊन विचारू नका. ते आपोआप येतं, आणि आलं की रेकॉर्डिंग बंद करायचं का ते विचारा. आमच्या वहीत एक पान कोरं आहे. त्या पानावर काय होतं ते मला माहीत आहे, पण गेलेल्या माणसाचं घर अजून आमच्याच रांगेत आहे, म्हणून ते लिहायचं नाही असं बाबांनी सांगितलं.

बाकी थोडंसं

रेकॉर्डिंगला मोबाईल पुरतो, फक्त पंखा बंद करा. फाइलला तारीख आणि वस्तूचं नाव द्या. दोन प्रती दोन घरांत ठेवा. जुनी खाण बघायला जायचं असेल तर बाहेरूनच बघा. बंद इन्क्लाइनमध्ये शिरू नका आणि भेगा पडलेल्या जमिनीवर पाय ठेवू नका. २०२२ च्या ऑगस्टमध्ये घुग्घुसला जुन्या भूमिगत खाणीवरचं एक राहतं घर जमिनीत गेलं. सुदैवानं घरातली माणसं वेळेत बाहेर आली होती.

आणि शेवटी, जमलं तर दोन जुने कामगार एकत्र आणा. बाबांचा टब भरणारा जोडीदार निवृत्तीनंतर बिलासपूरकडे गावी गेला होता. नंबर मिळवायला चार महिने लागले. फोन स्पीकरवर ठेवला. पाच मिनिटं तब्येत, नातवंडं, पाऊस. मग बाबांनी एका पाळीत दोघांनी किती टब भरले होते तो आकडा सांगितला आणि तिकडून लगेच आवाज आला की नाही, त्याहून दोन जास्त. बाबा म्हणाले ते दोन दुसऱ्या जोडीचे. तो म्हणाला, ट्रामरला विचार. ट्रामर कोण होता यावर पुन्हा सुरू झालं. त्या दिवशीची फाइल एक तास बारा मिनिटांची आहे. तिच्यात माझा आवाज तीनदाच येतो.