कम्प्युटरवाल्यांनी गणिताच्या पीएचडीला अर्ज कसा करावा

ठाण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी कम्प्युटर सायन्स शिकवतो. नोकरी सांभाळून गणितात पीएचडी केली, त्यामुळे दरवर्षी दोन-तीन मुलं विचारायला येतात. त्यांना सांगतो तेच इथे लिहितो.

पात्रता आधी तपासा. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर एमएस्सीशिवाय पीएचडीचा अर्ज करता येतो. पण संस्था आपापल्या अटी लावतात, म्हणून त्या-त्या वर्षाची जाहिरात वाचा. टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था), नेट, गेट, एनबीएचएम (राष्ट्रीय उच्च गणित मंडळ) यांपैकी एकाच परीक्षेवर विसंबू नका. नोकरीत असाल तर ना-हरकत प्रमाणपत्र आधीच मागा. शिफारसपत्र प्राचार्यांचं नको. ज्यांनी तुम्हाला सिद्धता लिहिताना पाहिलंय, त्या शिक्षकांचं घ्या.

खरी अडचण मुलाखतीत येते. "मागचे पेपर सोडवले की झालं" हा सल्ला लेखी परीक्षेपुरताच खरा.

माझ्या पहिल्या मुलाखतीत मी आवडता विषय ग्राफ थिअरी सांगितला, म्हणजे बिंदू (नोड) आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा (एज) यांचं गणित. सगळे नोड जोडलेले, पण कुठेही सायकल म्हणजे बंद फेरा नाही, असा ग्राफ म्हणजे ट्री. प्रश्न आला: एन नोडच्या ट्रीमध्ये एन वजा एक एज असतात, सिद्ध करा. ट्री तर मी रोज वर्गात शिकवत होतो! इंडक्शन (एनसाठी खरं धरून एन अधिक एकसाठी सिद्ध करणं) लावलं: एन नोडचा ट्री घेतला, त्याला एक नोड जोडला, एक एज वाढली, संपलं. समोरून विचारलं, "एन अधिक एक नोडचा प्रत्येक ट्री असाच बनतो, हे कशावरून?" मी गप्प. निवड झाली नाही.

सुरुवात उलट टोकाने करायची असते. एन अधिक एक नोडचा कुठलाही ट्री घ्या. त्यातला सर्वांत लांब पाथ बघा. त्याच्या टोकाच्या नोडला दुसरा शेजारी असता तर पाथ आणखी लांबला असता किंवा सायकल झाली असती. म्हणजे तो लीफ, एकच शेजारी असलेला नोड, आहे. तो काढला तरी उरलेला भाग ट्रीच राहतो. आता इंडक्शन लावा. आपण ट्री वापरायला शिकतो, पण असा लीफ असतोच का, हे स्वतःला कधी विचारत नाही. मुलाखतीत नेमकं तेच विचारतात.

म्हणून तीन महिने रोज एक सिद्धता वही मिटून, फळ्यासमोर उभं राहून, मोठ्याने मांडा. प्रत्येक अट कुठे वापरली ते बोलून दाखवा. बंद, मर्यादित अंतरालावरचं सतत फलन एकसमान सतत (सगळीकडे एकाच मापाने सतत) असतं. अंतराल खुलं केलं की काय बिघडतं? शून्य ते एकवर एक भागिले एक्स घेऊन बघा. विषय दोनच निवडा, पण रिअल अ‍ॅनालिसिस आणि लिनिअर अल्जेब्रा कुणालाच टाळता येत नाहीत.

उत्तर सुचलं नाही तर तसं सांगा आणि दोन-तीन नोडचं उदाहरण फळ्यावर काढा. परीक्षक तिथून पुढे नेतात. गोलगोल बोलणाऱ्याला नेत नाहीत.

मुलाखत टीआयएफआरला असेल तर ठाण्याहून लोकलने सीएसएमटी आणि पुढे नेव्हीनगरची बस. घरून निदान अडीच तास आधी निघा.