इंग्रजी वाक्यात कर्त्याप्रमाणे क्रियापद कसं लावायचं?

इंदूरच्या मराठी घरातली मुलं घरी मराठी बोलतात, गल्लीत हिंदी आणि शाळेत इंग्रजी लिहितात. मराठी आणि हिंदीत क्रियापद लिंग बघतं, वचन बघतं, आदर बघतं, कधी कधी कर्मही बघतं. इंग्रजी क्रियापद फक्त कर्ता बघतं. पेपरातल्या बऱ्याच चुका या जुन्या सवयींमुळे होतात, म्हणून त्या सवयी ओळखूनच सुरुवात करू.

आधी क्रियापद शोधा आणि त्याला 'कोण?' असं विचारा. उत्तर येईल तो कर्ता. आपल्याकडे 'सुनीलने जिलेबी खाल्ली', 'सुनीलने पेढा खाल्ला', 'सुनीलने पोहे खाल्ले'. सुनील तोच, क्रियापद मात्र पदार्थामागे गेलं. इंग्रजीत बशीत काय आहे याच्याशी क्रियापदाचं काही देणंघेणं नाही. 'सुनील ईट्स अ जलेबी' आणि 'सुनील ईट्स टेन जलेबीज', दोन्हीकडे 'ईट्स'च.

मग कर्ता एक की अनेक ते ठरवा. इथे जरा थांबायला हवं, कारण आपली मुलं सगळ्यात जास्त इथेच अडखळतात. 'बाबा बँकेत काम करतात' हे आदरार्थी बहुवचन आपल्या जिभेवर इतकं पक्कं असतं की 'माय फादर वर्क इन अ बँक' लिहिताना काही खटकत नाही. बरोबर वाक्य आहे 'माय फादर वर्क्स इन अ बँक'. बाबा, आजोबा, मुख्याध्यापक, राष्ट्रपती, कोणीही असो, माणूस एक तर क्रियापद एकवचनी. यात कोणाचा अपमान होत नाही, हे मुलांना स्पष्ट सांगा.

वस्तूंचंही तसंच. घरी आपण 'पोहे छान झालेत' म्हणतो, ठेल्यावर 'पोहा अच्छा है' ऐकतो. इंग्रजीत 'द पोहा इज गुड'. 'माझे केस लांब आहेत' याचं इंग्रजी 'माय हेअर इज लाँग'. दोन नावं 'अँड'ने जोडली की एरवी बहुवचन होतं: 'राहुल अँड मीना आर हिअर'. पण पोहे-जिलेबी हा एकच नाश्ता धरला तर 'पोहा अँड जलेबी इज माय फेव्हरिट ब्रेकफास्ट' हेच योग्य.

आता 'एस'. नामाला 'एस' लागला की सहसा बहुवचन, वर्तमानकाळी क्रियापदाला लागला की एकवचन: 'द बॉय प्लेज', 'द बॉइज प्ले'. 'आय' आणि 'यू' बरोबर मात्र तो लागत नाही. नकारात आणि प्रश्नात तो 'डू'कडे जातो, मूळ क्रियापद मोकळं राहतं. म्हणून 'शी डझन्ट नो'; 'शी डझन्ट नोज' चूक. 'कॅन', 'विल', 'मस्ट' यांच्यानंतर 'एस' कधीच येत नाही. भूतकाळात तर 'ही वेंट', 'दे वेंट' सारखंच. तिथे फक्त 'वॉज' आणि 'वेअर' सांभाळा.

कर्ता लांबलचक असेल तर 'ऑफ'पासूनचे शब्द पेन्सिलीने झाका. 'द प्राइस ऑफ ओनियन्स' यात कांदे झाकले की उरते किंमत, म्हणून 'इज'. 'वन ऑफ माय कझिन्स लिव्ह्ज इन देवास' यात देवासला राहणारा भाऊ एकच. 'अलाँग विथ'पासूनचा भागही असाच झाका: 'माय ब्रदर, अलाँग विथ हिज फ्रेंड्स, गोज टु राजवाडा.'

काही शब्द पाठच करावे लागतात. 'एव्हरीवन', 'न्यूज', 'मॅथेमॅटिक्स' एकवचनी. 'पीपल', 'पोलिस' बहुवचनी. 'आयदर-ऑर' असेल तर क्रियापदाजवळचा कर्ता बघा: 'आयदर द टीचर ऑर द स्टूडंट्स आर राँग.'

सरावासाठी मुलाला स्वतःच्या दिवसावर 'आय'ने सुरू होणारी सात-आठ वाक्यं लिहायला सांगा. मग तीच वाक्यं 'माय मदर' घालून पुन्हा लिहायची. 'आय गेट अप'चं 'गेट्स अप' होईल, 'आय हॅव'चं 'हॅज', 'आय ॲम'चं 'इज', 'आय डोन्ट'चं 'डझन्ट'. तिसऱ्यांदा 'माय पेरेंट्स' घालायचं. प्रत्येक फेरीत आधी कर्त्याखाली रेघ, मगच क्रियापद.