काल-सममिती शिकताना या चुका टाळा

काल-सममिती म्हणजे काळ उलटा चालवला तरी भौतिकीचे नियम तेच राहणं. पहिली गडबड श्रोडिंगरच्या समीकरणातच होते, म्हणजे क्वांटम अवस्था काळानुसार कशी बदलते ते सांगणाऱ्या समीकरणात. काळाचं चिन्ह उलटं केलं, दोन्ही बाजू जुळल्या नाहीत, की लगेच निष्कर्ष: समीकरण सममित नाही! पण चिन्ह बदलताना उणे एकच्या वर्गमुळाचं, म्हणजे 'आय'चं काय केलंत? भौतिकशास्त्रज्ञ विग्नरने १९३२ मध्येच दाखवलं होतं की काळ उलटवताना तरंगफलनाची (कणाची अवस्था सांगणाऱ्या फलनाची) संमिश्र संयुग्मीही घ्यावी लागते, म्हणजे 'आय'च्या जागी उणे 'आय' लिहावा लागतो. उजवीकडे निघालेल्या मुक्त कणाची लाट घ्या. नुसतं चिन्ह बदललं तर ऊर्जा उणे होते, आणि मुक्त कणाची ऊर्जा उणे असूच शकत नाही. संयुग्मी घेतली की ऊर्जा तेवढीच राहते, संवेग फक्त उलटतो.

यापेक्षा चिवट चूक पुढची. १९६४ मध्ये अहारोनोव, बर्गमन आणि लेबोविट्झ यांनी एक सूत्र दिलं. त्यात सुरुवातीची आणि शेवटची अशा दोन्ही अवस्था ठरलेल्या असतात आणि मधल्या मापनाची संभाव्यता दोन्हींवरून काढतात. आता क, ख, ग अशा तीन पेट्या आणि एक कण घ्या. सुरुवातीची अवस्था क अधिक ख अधिक ग, शेवटची क अधिक ख उणे ग. फक्त क उघडून पाहिली तर कण तिथे सापडण्याची संभाव्यता १, कारण ख आणि ग मधून येणारे आयाम (ज्यांच्या वर्गातून संभाव्यता मिळते त्या संख्या) एकमेकांना खोडतात. फक्त ख उघडली तरीही उत्तर १च. इथे विद्यार्थी दोन्ही उत्तरांची बेरीज करतात आणि कण एकाच वेळी दोन पेट्यांत असल्याचं जाहीर करतात. अहो, पण हे दोन वेगळे प्रयोग आहेत! तिन्ही पेट्या उघडून पाहा, प्रत्येकीला १/३च मिळेल. म्हणून आकडेमोडीआधी मध्ये नेमकं कोणतं मापन केलं हे लिहून काढा. ते लिहिल्याशिवाय सूत्राला अर्थच नाही.

शिवाय ही उत्तरं शेवटच्या छाननीत टिकलेल्या, म्हणजे कण ठरलेल्या शेवटच्या अवस्थेत सापडला अशा प्रयोगांपुरतीच आहेत. मध्ये काहीच मोजलं नाही तर वरच्या उदाहरणात नऊपैकी सरासरी एकच प्रयोग टिकतो. बाकीचे टाकून न देता सगळे मोजले तर बॉर्नचा नेहमीचाच नियम (आयामाचा वर्ग म्हणजे संभाव्यता) परत मिळतो. 'भविष्यातून भूतकाळाला संदेश' या मथळ्यांची हवा इथेच निघते. क्वांटम इरेझरच्या प्रयोगात फोटॉनच्या जोडीतला एक पडद्यावर पडतो आणि तो कोणत्या वाटेने आला ही माहिती जोडीदारावरून मिळवता किंवा पुसता येते. त्यात पडद्यावरचे सगळे ठिपके एकत्र पाहिले तर व्यतिकरणाचे पट्टे दिसतच नाहीत. जोडीदार फोटॉनच्या नोंदी हाती आल्यावर ठिपके वेगळे काढावे लागतात, मगच ते दिसतात. संदेश पाठवायचा तरी कशातून?

सममित मांडणीचं भाकीत वेगळं येईल अशी आशाही नको. फाइनमनची पथ-बेरीज (कणाच्या सगळ्या शक्य वाटांचे आयाम मिळवण्याची रीत) असो वा ही दोन अवस्थांची रीत, प्रयोगाचा आकडा तोच येतो. तो वेगळा आला तर आधी आपली वही तपासा.

विद्युतभार प्रारण कसं सोडतात हे सांगणाऱ्या व्हीलर-फाइनमन सिद्धांताबाबत मात्र लोक भलतीकडेच घसरतात. १९४५ च्या या मांडणीत प्रत्येक विद्युतभार अर्धी लाट भविष्याकडे आणि अर्धी भूतकाळाकडे पाठवतो. 'मग भूतकाळाकडे जाणारी लाट आपल्याला दिसत का नाही?' असं विचारणारे शोषकाची अट विसरतात. बाहेर गेलेलं प्रारण भविष्यात पुरतं शोषलं गेलं, तरच शोषकांच्या प्रतिसादाने ती अर्धी लाट रद्द होते. हे शोषण होईल की नाही, ते विश्वाच्या रचनेवर अवलंबून. कोल्हापूरला जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर आणि त्यांचे सहकारी फ्रेड हॉइल यांनी साठच्या दशकात नेमका हाच धागा धरला. स्थिर-स्थिती विश्वात (प्रसरण पावूनही सदैव सारखंच दिसणाऱ्या विश्वात) हवं ते उत्तर मिळतं, कायम प्रसरण पावणाऱ्या महास्फोटी प्रतिमानांत अडचण येते, असं त्यांनी मांडलं. पुढे त्यांनी हीच मांडणी क्वांटम पातळीवरही नेली. क्वांटम सिद्धांताचा क्रेमरने १९८६ मध्ये लावलेला 'व्यवहार' अर्थही याच कुळातला; त्यात पुढे-मागे जाणाऱ्या लाटांच्या देवाणघेवाणीला व्यवहार म्हणतात.

राहता राहिला बी-मेसॉन हा अल्पायुषी कण. या कणांवरच्या बाबर (BaBar) प्रयोगात २०१२ मध्ये काल-सममितीचा भंग थेट दिसला, हे खरं. पण तो दुर्बल बलाचा, म्हणजे कणांचा क्षय घडवणाऱ्या मूलभूत बलाचा प्रताप. चहा गार का होतो, म्हणजे रोजच्या घटना एकाच दिशेने का घडतात, याचं उत्तर त्यात शोधू नका. ते विश्वाच्या आरंभीच्या कमी एन्ट्रॉपीत (अव्यवस्थेच्या मापात) शोधावं लागतं.