व्यायामात जाळलेल्या कॅलरी परत खाव्यात का? या चुका टाळा

रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या किनाऱ्यावर तासभर चालून आलं की मनगटावरचं घड्याळ ३०० च्या आसपास आकडा दाखवतं. मग "आज चाललोय ना" म्हणत दोनाच्या जागी चार घावणे ताटात येतात. एका घावण्याला ३० ग्रॅम तांदळाचं पीठ आणि चमचाभर तेल धरा, म्हणजे दीडशे कॅलरी होतात. दोन जास्तीच्या घावण्यांत घड्याळाचे तीनशे संपले, आणि ते तीनशे मुळात खरे नव्हतेच.

आधी थोडक्यात उत्तर. वजन उतरवायचं असेल तर तासाभराच्या चालण्याचं काहीही परत खायची गरज नाही. दीड-दोन तास चांगला दम काढणारं काम झालं असेल तर घड्याळ सांगतं त्याच्या निम्मं खा. गडबड होते ती पुढच्या ठिकाणी.

एकच चालणं दोनदा मोजणं

सगळ्यात जास्त वजनं अडतात ती इथे. ४० वर्षांची, १६५ सेंटिमीटर उंचीची, ७० किलोची बाई घ्या. वय, उंची, वजनावरून हिशोब करणाऱ्या मिफ्लिन सूत्राने तिचा दिवसभर नुसता पडून राहण्याचा खर्च १३७० कॅलरी येतो. बैठं काम असेल तर त्याला १.२ ने गुणायचं, म्हणजे १६४४. पण अ‍ॅपमध्ये माहिती भरताना ती "हलका व्यायाम करते" यावर टिचकी मारते. आता गुणक १.३७५ झाला आणि आकडा १८८४. हे वाढलेले २४० म्हणजे तिचं रोजचं चालणंच. ते हिशोबात आधीच आलंय.

अ‍ॅप १८८४ मधून ४०० वजा करून तिला १४८४ खायला सांगतं. घड्याळाने चालण्याचे २४५ दाखवले म्हणून ती तेही खाते, एकूण १७२९. तिचा खरा खर्च बैठकीचे १६४४ अधिक चालण्याचे १७५, म्हणजे १८१९. चारशेची तूट समजत होती, उरली ९० ची. आठवड्याला ६३०. किलोभर चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात, म्हणजे आठवड्यात ८० ग्रॅम. आमटीच्या फोडणीत एक मोठा चमचा तेल जास्त पडलं की तेही गेलं, कारण १५ मिली तेलात १२० कॅलरी असतात.

उपाय एकच: दोन पद्धतींपैकी एक धरा. व्यायाम गुणकात धरला असेल तर परत काही खायचं नाही. परत खायचं असेल तर गुणक १.२ च ठेवायचा, आणि अ‍ॅपला घड्याळ जोडलेलं असेल तर ते आपोआप कॅलरी वाढवतंय का हे सेटिंगमध्ये बघायचं.

एकूण आणि निव्वळ यांत गल्लत

वरच्या उदाहरणात चालण्याचे घड्याळाने २४५ सांगितले आणि आपण १७५ धरले, ते का? ताशी ५ किलोमीटरने चालताना ७० किलोचा माणूस तासाला २४५ च्या आसपास खर्च करतो. पण तो तास तो ओटीवर बसून राहिला असता तरी ७० गेले असतेच. चालल्यामुळे वाढले ते १७५. सोपं गणित लक्षात ठेवा: सपाट रस्त्यावर चालताना दर किलोमीटरला वजनाच्या निम्मा आकडा, धावताना जवळपास वजनाइतका. घड्याळात "एकूण" आणि "सक्रिय" असे दोन आकडे असतील तर सक्रियच बघा.

कोकणातल्या हवेत घड्याळावर विश्वास ठेवणं

स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ साली मनगटावरची सात उपकरणं तपासली. हृदयाचे ठोके बहुतेकांनी बरोबर मोजले, पण कॅलरीत सगळ्यात चांगलं उपकरणही सरासरी २७ टक्के चुकलं. आपल्याकडे त्यात दमटपणाची भर. एप्रिल-मेमध्ये घाम वाळत नाही, अंग थंड करायला रक्त कातडीकडे जातं आणि त्याच वेगाला ठोके वाढतात. ठोके वाढले की घड्याळाला वाटतं मेहनत वाढली. खर्च मात्र तेवढा वाढलेला नसतो.

याच्या उलटही घडतं. कोरड्या, भुसभुशीत वाळूत पाय रुततो, तिथे चालायला कडक रस्त्यापेक्षा दुपटीच्या आसपास शक्ती लागते. ओहोटीला पाण्यालगतची वाळू घट्ट असते, तिथे रस्त्यासारखाच हिशोब. चढाचंही तसंच. ७० किलोचा माणूस १०० मीटर उंची चढला की साधारण ६५ कॅलरी वरच्या जातात. घाटीतली घरं असलेल्यांनी हे मोजायला हरकत नाही, फक्त उतरताना तेवढेच पुन्हा मोजू नका.

घामाला चरबी समजणं, आणि तहान सरबताने भागवणं

चालून आल्यावर काट्यावर ८०० ग्रॅम कमी दिसले तर ते पाणी आहे, पाणी पिऊन भरून काढा. पण कशाने, ते बघा. अमृत कोकम म्हणजे मुख्यतः साखर. ग्लासात ३० ग्रॅम साखर गेली की १२० कॅलरी. तेच आगळ (कोकमाचा बिनसाखरेचा अर्क), मीठ, जिरं आणि पाणी घेतलं तर जवळपास काहीच नाही. शहाळ्याचं पाणी २५० मिलीला ५० च्या आसपास, चालेल. मलई मात्र वेगळी मोजा. सोलकढीत नारळाचं दूध किती घट्ट आहे यावर सगळं ठरतं. ओल्या खोबऱ्याच्या १०० ग्रॅममध्ये ३५० कॅलरी असतात, म्हणजे भाजीवर पेरलेलं ३० ग्रॅम खोबरं शंभराच्या घरात. डब्यातून येता-जाता उचललेले ३० ग्रॅम काजू १७० च्या जवळ. हे लिहून ठेवायचं राहतं आणि दोष चालण्याला दिला जातो.

मुळीच परत न खाणं

ही चूक कमी लोक करतात, पण त्रास जास्त देते. भातलावणीचे दिवस, कलमांवरून आंबा उतरवण्याचे दिवस, किंवा रत्नागिरीहून आरे-वारे मार्गे गणपतीपुळ्यापर्यंत सायकल: अशा दिवशी नुसत्या १४०० कॅलरींवर राहिलात तर रात्री झोप लागत नाही, दुसऱ्या दिवशी पाय चालत नाहीत आणि तिसऱ्या दिवशी दिसेल ते खाल्लं जातं. घड्याळाने दाखवलेल्यातल्या निम्म्या कॅलरी भात किंवा पेज आणि मासे यांतून घ्या. बांगडा तव्यावर थोड्या तेलात किंवा तिखल्यात (दाटसर तिखट कालवणात), रवा लावून तळलेला नको. लावणीसारखं काम आठवडाभर चालणार असेल तर रोजचा हिशोब सोडा, तेवढे दिवस गुणकच वाढवा. चक्कर येणं, पाळी चुकणं, आठवड्याला वजनाच्या एक टक्क्याहून जास्त घट होत राहणं, ही कमी खाल्ल्याची लक्षणं आहेत. इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर व्यायामाआधी-नंतर काय खायचं ते डॉक्टरांनाच विचारा, इथले आकडे लावू नका.

दोन दिवसांच्या वजनावरून निकाल लावणं

रोज सकाळी शौचाहून आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन करा आणि सात दिवसांची सरासरी काढा. तीन-चार आठवडे बघा. बायकांनी पाळीच्या त्याच आठवड्याशी तुलना करावी. सरासरी हलत नसेल तर परत खाणं निम्म्यावरून शून्यावर आणा. तेही शून्यच असेल तर रोजच्या जेवणातून १०० ते १५० कमी करा, चालणं दुप्पट करू नका. आदल्या रात्री सुका बांगडा किंवा लोणचं जास्त झालं असेल तर सकाळचा किलोभर चढलेला काटा मिठाने धरलेल्या पाण्याचा असतो. तो दोन-तीन दिवसांत उतरतो, त्यावर उपास धरू नका.