झिर्कोनिया ब्रिज यूटीएमवर चढवण्याआधी

दुसरी उपदाढ आणि दुसरी दाढ अबटमेंट (आधाराचे दात), मध्ये पहिल्या दाढेचं पॉन्टिक (मधला लटकता कृत्रिम दात), असा तीन युनिटचा झिर्कोनिया (टणक सिरॅमिक) ब्रिज यूटीएमवर (दाब देऊन ताकद तपासणारं मशीन) मोडून बघायचा असेल तर आधी डिजिटल व्हर्निअर काढा. सिंटरिंग आणि पॉलिश झाल्यावर, सिमेंटच्या आधी, प्रत्येक नमुन्याचे दोन्ही कनेक्टर (पॉन्टिकला आधाराच्या दातांशी जोडणारे भाग) मोजा. उंची वेगळी, रुंदी वेगळी, नमुन्याच्या नंबरासमोर. डिझाइन फाइलमध्ये 9 चौरस मिलिमीटर होते म्हणून वहीत 9 लिहायचे नाहीत. सिंटरिंगमध्ये नमुना 20 टक्क्यांच्या आसपास आकसतो, त्यावर कोणीतरी बर (घासायचं फिरतं टोक) फिरवून एम्ब्रेजर (दोन दातांमधली खाच) खोल केलेलं असतं. वाकताना कनेक्टरची ताकद उंचीच्या वर्गाप्रमाणे बदलते. 3 मिमीऐवजी 2.7 भरली तर सुमारे 19 टक्के ताकद तिथेच गेली, आणि तो फरक तुम्ही मटेरियलच्या नावावर मांडून मोकळे होणार.

डाय (ब्रिज ज्यावर बसतो त्या दातांच्या प्रतिकृती) कशाचे हे आधीच ठरवा. धातूचे डाय हलत नाहीत, वाकत नाहीत, त्यामुळे आकडे फुगतात. डेंटिनचा (दाताच्या आतल्या कठीण थराचा) इलॅस्टिक मॉड्युलस (ताठरपणाचं माप) 18 जीपीएच्या (गिगापास्कल) आसपास असतो. त्याच्या जवळ जाणारं फायबरयुक्त इपॉक्सी मिळतं. मुळांभोवती लिगामेंटसारखा (दात हाडाला धरून ठेवणाऱ्या मऊ थरासारखा) पातळ थर हवाच: मूळ वितळलेल्या मेणात बुडवा, रेझिनमध्ये बसवा, मेण काढून त्या जागी पॉलिईथर भरा. जाडी 0.2 ते 0.3 मिमी. रेझिनची पातळी मार्जिनच्या (ब्रिजच्या कडेच्या) 2 मिमी खाली. दोन्ही डाय सर्व्हेयरवर (उभी दिशा जुळवायचं उपकरण) सरळ उभे करा, नाहीतर लोड तिरका बसतो.

आता सिमेंट. थांबा, कनेक्टर मोजले? ब्रिज एकदा बसला की पॉन्टिकखाली व्हर्निअरचे जबडे शिरत नाहीत, आणि मोडल्यावर कडा उडालेल्या असतात, मग कुठून मोजणार? मोजले असतील तर पुढे: आतून 50 मायक्रॉन अ‍ॅल्युमिना, 1 ते 2 बार, मग एमडीपी (झिर्कोनियाला चिकटणारा फॉस्फेट घटक) असलेला प्रायमर, रेझिन सिमेंट, वर 5 किलो वजन. हायड्रोफ्लोरिक आम्ल काचयुक्त सिरॅमिकसाठी. झिर्कोनियावर त्यात वेळ घालवू नका. 24 तास 37 अंशांच्या पाण्यात. थर्मोसायकलिंग करणार असाल तर 5 ते 55 अंश, सगळ्या गटांना सारखंच.

यूटीएमवर 6 मिमीचा पोलादी गोळा, पॉन्टिकच्या मध्य फोसावर (चावण्याच्या बाजूच्या मधल्या खळग्यावर). गोळा आणि सिरॅमिकमध्ये अर्ध्या मिलिमीटरची टिन फॉइल. ती नसेल तर सगळा दाब एका बिंदूवर येतो, गोळ्याखालीच शंकूच्या आकाराची तडा उठते आणि ब्रिज वरून फुटतो. तोंडात तो बहुतेक वेळा कनेक्टरच्या हिरडीकडच्या बाजूने, ताण येतो तिथून तुटतो. म्हणून चाचणीनंतर नुसते न्यूटन लिहू नका, तडा कुठून निघाली तेही लिहा. फॉइल दर नमुन्याला नवी; जुन्या फॉइलला खड्डा पडलेला असतो. लोड सेल (बल मोजणारा भाग) 5 केएन (किलोन्यूटन) किंवा जास्त, कारण अखंड झिर्कोनिया 2 केएनच्या वर सहज जाऊ शकतो. वेग मिनिटाला 0.5 किंवा 1 मिमी, एकदा ठरला की बदलायचा नाही. व्हिनिअर (वर चढवलेला सिरॅमिकचा थर) असेल तर पहिला टवका उडाला की लोड थोडा घसरतो; मशीन तिथेच थांबेल अशी सेटिंग ठेवू नका. पण तो आकडाही टिपा.

स्टार्टचं बटण दाबण्याआधी वही उघडा: प्रत्येक नंबरासमोर दोन कनेक्टरचे मिळून चार आकडे आहेत का? एकही रिकामा असेल तर तो नमुना मोडू नका.

गॉगल, समोर अ‍ॅक्रिलिकची ढाल. आयएसओ 6872 (दंत सिरॅमिकचं मानक) मधले दाढेसह तीन युनिटसाठीचे 500 एमपीए (मेगापास्कल) हे पट्टी किंवा चकतीच्या नमुन्याचे; ब्रिजच्या न्यूटनशेजारी ठेवू नका. वायबुल (ताकद किती विखुरलेली आहे याचं सांख्यिकी विश्लेषण) काढायचं असेल तर 10 नमुने अपुरे. तुकडे नंबर घातलेल्या डबीत, आणि जुळतात का बघायला परत एकमेकांवर दाबू नका, भेगेचा पृष्ठभाग घासला की मायक्रोस्कोपखाली काही कळत नाही.