थायलंडची जॉब ऑफर आलीये? बॅग भरायच्या आधी एवढं बघा

रात्री साडेदहाला मावशीचा फोन आला, "अगं त्याला बँकॉकला नोकरी लागली, तू जरा ते लेटर बघतेस का, तुला कळतं त्यातलं." मला कळतं म्हणजे काय, तर मी खराडीत एका कंपनीत एचआरला आहे आणि घरात कुणालाही कसलाही कागद आला की तो आधी माझ्याकडे येतो, अगदी सोसायटीच्या मेंटेनन्सच्या नोटिशीसकट. दुसऱ्या दिवशी मावसभावाला धायरीतल्याच एका अमृततुल्यमध्ये गाठलं. हिंजवडीतली सपोर्टची नोकरी जाऊन पाच महिने झाले होते त्याला, त्यामुळे लेटर दाखवताना चेहरा असा की बघवत नव्हतं, आणि मला त्यावर पाणी ओतायचं होतं.

लेटर असं: डिजिटल सेल्स अँड कस्टमर सपोर्ट एक्झिक्युटिव्ह, पगार महिना १,२०० डॉलर, राहणं खाणं फ्री, विमानाचं तिकीट कंपनीचं. पात्रता काय तर इंग्लिश बरं हवं आणि टायपिंग फास्ट हवं. इंटरव्ह्यू टेलिग्रामवर, बारा मिनिटं, कॅमेरा फक्त याचा चालू, समोरच्याचा "नेटवर्क प्रॉब्लेम". लोगो झूम केला की फुटतो, सही कुणाची तर "एचआर टीम". मी नऊ वर्षं ऑफर लेटर काढतेय, "एचआर टीम" नावाच्या माणसाने सही केलेली अजून पाहिली नाही. पत्ता बँकॉकचा होता, मॅपवर टाकला तर तिथे हॉटेल.

मी म्हटलं भांडत बसू नकोस, एकच मेसेज कर, ऑफिसचं लोकेशन पाठवा. उत्तर आलं की बिल्डिंग नवीन आहे, मॅपवर अजून आलेली नाही, ड्रायव्हर एअरपोर्टवर घ्यायला येईल. मग विचारलं गावाचं नाव तरी सांगा. म्हणे मे सोत, बँकॉकजवळच आहे.

मे सोत बँकॉकजवळ नाहीये. पाचशे किलोमीटरच्या आसपास आहे, गाडीने सात-आठ तास, म्हणजे हैदराबादला जायचं आणि घरी सांगायचं की हडपसरच्या जरा पुढे. ते थायलंडच्या पश्चिम टोकाला आहे, जिल्ह्याचं म्हणजे तिकडच्या प्रांताचं नाव ताक (हो, ताकच), आणि गावाच्या कडेने मोई नावाची नदी जाते. नदी छोटीशी, उन्हाळ्यात काही ठिकाणी चालत पार होईल इतकीच. पलीकडे म्यानमारचं म्यावाडी. १ फेब्रुवारी २०२१ ला तिथे लष्कराने सत्ता घेतली, त्यानंतर यादवी पेटली, आणि या पट्ट्यात प्रत्यक्ष हुकूम चालतो तो हत्यारबंद गटांचा. त्यांच्या आशीर्वादाने तिथे केके पार्क, श्वे कोक्को अशी भिंती-तारांची आख्खी शहरं उभी राहिली, आत बसून जगभरच्या लोकांना ऑनलाइन फसवायचं काम. खोटं प्रेम, मग खोटी क्रिप्टोची गुंतवणूक. ते चॅटिंग करायला इंग्लिश येणारी, फास्ट टायपिंगवाली पोरं लागतात. टार्गेट पूर्ण नाही झालं तर मार, शॉक, उपाशी ठेवणं, घरी जायचं म्हटलं तर हजारो डॉलर मागणार, नाहीतर दुसऱ्या टोळीला विकणार. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने २०२३ मध्ये अंदाज दिला होता की एकट्या म्यानमारमध्ये किमान १,२०,००० लोक असे अडकलेले असू शकतात, कंबोडियात आणखी १,००,००० च्या आसपास. आणि आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्येच सावध केलं होतं की ही टोळी मुद्दाम आयटीवाल्या पोरांना गाठतेय. आयटीवाली पोरं म्हणजे आपणच की.

आता कसं तपासायचं ते. क्रमाने सांगते, पण जीव कशात आहे ते आधी: धोका नदीपलीकडे सुरू होत नाही, तो कागदावर सुरू होतो, आणि कागद तुम्ही पुण्यात बसून तपासू शकता. नदी ओलांडल्यावर तपासण्यासारखं काही राहत नाही.

सगळ्यात आधी व्हिसा. थायलंडने जुलै २०२४ पासून भारतीयांना व्हिसाशिवाय ६० दिवसांची एंट्री दिली होती, अशी सवलत फिरायला असते (आणि हे नियम बदलत असतात, निघताना परत बघा). नोकरीसाठी नॉन-इमिग्रंट बी व्हिसा लागतो आणि वर वर्क परमिट लागतं. एजंट म्हणाला की "आत्ता टुरिस्ट म्हणून जा, तिकडे गेल्यावर कन्व्हर्ट करू" की समजायचं संपला विषय. आणि "इमिग्रेशनला विचारलं तर फिरायला चाललोय सांग" हे वाक्य आलं की फोन ठेवायचा, चहा प्यायचा. जी कंपनी पहिल्याच दिवशी तुम्हाला सरकारी माणसाशी खोटं बोलायला लावते ती दुसऱ्या दिवशी तुम्हाला काय करायला लावेल.

मग कंपनी. थायलंडमध्ये रजिस्टर झालेल्या प्रत्येक कंपनीला १३ आकडी नंबर असतो, तो मागा. खरी कंपनी पाच मिनिटांत देते, खोटी तुम्हाला "ट्रस्ट इश्यू आहेत का" म्हणून उलटं विचारते. आमच्या केसमध्ये अगदी हेच शब्द आले होते.

मग एजंट. परदेशात माणसं पाठवणाऱ्या एजंटला १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली, म्हणजे देशाबाहेर जाण्याच्या कायद्याखाली, परराष्ट्र मंत्रालयाचं लायसन्स लागतं, आणि ई-मायग्रेट पोर्टलवर लायसन्सवाल्यांची यादी आहे. यादीतलं नाव आणि समोरच्याचं नाव, पत्ता, फोन तिन्ही जुळले पाहिजेत, कारण दुसऱ्याच्याच लायसन्सचा फोटो पाठवणारे महाभाग भरपूर. फी जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी, आणि पावती मिळालीच पाहिजे. मावसभावाने २५,००० "फाइल चार्जेस" म्हणून यूपीआयने आधीच टाकले होते, कुणाच्या नावावर तर भलत्याच कुणाच्या. हे त्याने मला दुसरा कटिंग आल्यावर सांगितलं.

इथे एक गोची लक्षात घ्या. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) असतं आणि ठराविक १८ देशांत कामाला जायचं तर त्यांना आधी सरकारी क्लिअरन्स घ्यावा लागतो. थायलंड त्या यादीत आहे. पण दहावी, डिप्लोमा, इंजिनिअर झालेल्यांना ही अट नाही, म्हणजे शिकलेल्या पोराला ही चाळणी वाटेत लागतच नाही. म्यानमार, लाओस, कंबोडिया तर त्या १८ मध्येच नाहीत. तेव्हा शिकलेला आहे म्हणून फसणार नाही असं काकांनी म्हणू नये, उलट शिकलेलाच हवा असतो त्यांना.

जागेचं नाव पण नीट बघा. मे सोत आणि म्यावाडी सोडून लाओसमधला बोकेओ प्रांत, तिथला गोल्डन ट्रँगल नावाचा स्पेशल झोन, कंबोडियातलं सिहानुकविल आणि पोइपेत, यातलं कुठलंही नाव निघालं तर थांबा. ऑफर दुबईची आणि तिकीट बँकॉकचं, किंवा ऐनवेळी शहर बदललं, तरी थांबा.

समजा एवढं करून कुणी गेलंच, किंवा हे वाचणारं कुणी आत्ता बँकॉकलाच बसलंय. पासपोर्ट कुणाला द्यायचा नाही, "रजिस्ट्रेशनसाठी" पण नाही, फोटो काढा म्हणावं. एअरपोर्टवरच स्वतःचं सिम घ्या, ड्रायव्हरने दिलेलं नको. घरच्या दोघांना लाइव्ह लोकेशन चालू ठेवा आणि ऑफलाइन मॅप उतरवून ठेवा. गाडी शहरातून बाहेर पडून नाखोन सवान, कांफेंग फेत अशा पाट्या दिसायला लागल्या तर तुम्ही बँकॉकच्या ऑफिसला जात नाही आहात, हे तिथेच मान्य करा. पुढच्या पेट्रोल पंपावर टॉयलेटला म्हणून उतरा, दुकानात शिरा, माणसांत थांबा, गाडीत परत बसू नका. बॅग जाऊदे, बॅगेत काय सोनं आहे. ताकहून मे सोतला जाताना पोलिसांचे नाके लागतात, तिथे काच खाली करून बोलायची लाज वाटू देऊ नका. पोलीस १९१, टुरिस्ट पोलीस ११५५.

का एवढं, तर चोरून नदी ओलांडताना पासपोर्टवर शिक्का बसत नाही. म्हणजे थायलंडच्या कागदात तुम्ही अजून थायलंडमध्ये, आणि म्यानमारच्या कायद्याने तुम्ही बेकायदा घुसलेले. मार खाऊन सुटून आलात तरी दोन्हीकडे आधी तुमचीच चौकशी, आणि त्यात आठवडे, महिने जातात. म्यानमारमधला आपला दूतावास यांगूनला आहे, त्यांचा माणूस गाडी काढून अशा जागेच्या गेटवर येऊ शकत नाही. सुटका होते, नाही असं नाही. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी मे सोतहून आधी २८३ आणि दुसऱ्या दिवशी २६६ भारतीय परत आणले. पण त्याआधी थायलंडने पलीकडची वीज, इंटरनेट, डिझेल तोडलं, तिकडच्या गटांवर सगळीकडून दाब आला, तेव्हा ते झालं. तुमच्या एकट्यासाठी एवढं सगळं जुळून येईल याची वाट बघत आत बसायचं का.

घरच्यांसाठी. पासपोर्ट, तिकीट, लेटर, एजंटचे चॅट, पैसे टाकल्याचा स्क्रीनशॉट, सगळ्याची कॉपी घरात हवी, पोराच्या फोनमध्ये नुसती असून उपयोग नाही, तो फोन सगळ्यात आधी काढून घेतात. अडकल्याचं कळवायला एक सांकेतिक वाक्य ठरवा. आमच्याकडे ठरलं होतं "तात्यांचा गुडघा कसा आहे?" तात्या जाऊन चार वर्षं झाली, त्यामुळे मावशीला ते वाक्य पटेना, दुसरं शोधा म्हणाली, पण मुद्दा तोच होता की शेजारी उभं राहून मराठी ऐकणाऱ्यालाही काही कळू नये. फोन आला आणि आवाज वाचून दाखवल्यासारखा वाटला तर जास्त प्रश्न विचारू नका, "तू कुठे आहेस खरं सांग" तर अजिबात नको, स्पीकरवर असतो तो.

आत अडकल्याची खात्री झाली तर त्याच दिवशी तीन ठिकाणी जा: यांगून आणि बँकॉक दोन्ही दूतावासांना ईमेल, मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार, आणि इथे पोलीस स्टेशनला एजंटविरुद्ध लेखी तक्रार. प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा टोल फ्री नंबर १८०० ११ ३०९०. खंडणीचे पैसे लगेच पाठवू नका, आधी दूतावासाशी बोला, कारण एकदा दिले की भाव वाढतो. आणि नाव-फोटो टाकून व्हायरल करायच्या आधी दहादा विचार करा, आतल्या माणसाला त्याचा मार बसतो.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. आतून सुटायची अट म्हणून "तुझे दोन मित्र आण" असं सांगतात. ज्याने आणले तो इकडच्या कायद्याने नुसता पीडित राहीलच असं नाही, माणसांच्या तस्करीचं कलम, भारतीय न्याय संहितेचं १४३, त्याच्यावरही लागू शकतं. म्हणून जुन्या कॉलेजच्या मित्राचा एकदम "भावा इथे मस्त ओपनिंग आहे" असा मेसेज आला तर त्याला शिव्या देऊ नका आणि हो पण म्हणू नका. व्हिडिओ कॉल करा, खिडकीबाहेर काय दिसतं ते दाखव म्हणा.

बाईकवाल्यांसाठी दोनच ओळी, कारण दर डिसेंबरला कुणीतरी विचारतंच की मणिपूरमधून मोरे-तामूमार्गे थायलंडला बाईकने जाता येईल का. मे २०२३ पासून मणिपूरच धुमसतंय आणि पलीकडे म्यानमारमध्ये यादवी आहे, आणि बहुतेक ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये युद्ध आणि सशस्त्र संघर्ष वगळलेला असतो, पॉलिसीतलं बारीक अक्षर वाचा. थायलंडला विमानाने जा, तिथे बाईक भाड्याने घ्या, भरपूर घाट आहेत.

मावसभाऊ गेला नाही. सहज नाही थांबला, दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हता, मग स्वतःच त्या माणसाला १३ आकडी नंबर मागितला आणि ब्लॉक झाला. १९३० ला फोन करून सायबरची तक्रार दिली, २५,००० अजून आलेले नाहीत. आता तो वारज्यात एका डिस्ट्रिब्युटरकडे बिलिंगला आहे, पगार निम्मा, कुरकुर चालू असते. गेल्या आठवड्यात त्याने मला एक लेटर फॉरवर्ड केलं, त्याच्या मित्राला आलेलं. तोच फुटका लोगो, तीच "एचआर टीम", फक्त शहर क्वालालंपूर केलंय, आणि खालच्या ओळीत बँकॉक बदलायचं राहून गेलंय.